आठ कळ्या आणि मधलं भोक

पॅराशूटच्या आराखड्यात शिलाईचं मार्जिन धरलेलंच नव्हतं. आठ त्रिकोण, प्रत्येकाची उंची 50 सेंटिमीटर, पाया 41.4 सेंटिमीटर, सगळी टोकं मधे जुळवली की एक मीटरचा अष्टकोन. कागदावर सगळं बरोबर. पण दोन तुकडे जोडताना दोन्हीकडचं कापड आत जातं. एका बाजूला दीड सेंटिमीटर धरलं तरी आठ जोडांत 24 सेंटिमीटर घेर गडप. मी एवढं बोलल्यावर भाच्यानं आधी लॅपटॉपकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "मावशी, हे सॉफ्टवेअरनं विचारलंच नाही."

लातुरात पोरं नीट आणि जेईईच्या पलीकडं बघत नाहीत असं म्हणतात. हा मात्र इंजिनिअरिंगला गेला आणि तिथं चार पोरापोरींत मिसळून एक डबा बनवायला लागला. शीतपेयाच्या कॅनपेक्षा थोडा मोठा डबा, आत तापमान, हवेचा दाब आणि जागा नोंदवणारी यंत्रं. तो उंचावरून सोडायचा, खाली येता येता त्यानं नोंदी पाठवायच्या आणि धडपणी जमिनीवर उतरायचं. पॅराशूटसकट वजन पाऊण किलो. तयार पॅराशूटची ऑनलाइन किंमत बघून या सगळ्यांचे डोळे पांढरे झाले, तेव्हा कुणाला तरी आठवलं की याची मावशी शिवणकाम करते.

माझं दुकान गंजगोलाईपासून, म्हणजे लातूरच्या सोळा रस्ते फुटणाऱ्या गोल बाजारपेठेपासून, चालत जायच्या अंतरावर आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लहान मुलींचे परकर-पोलके, नवरात्रात देवीची वस्त्रं. कळीचा घागरा हातातला आहे, त्यामुळं कळ्या, म्हणजे वर निमुळते होणारे तुकडे, कापायची भीती नव्हती. पण मी एक अट घातली. कापायच्या आधी मला कळलं पाहिजे की एक मीटरच का. गिऱ्हाईक "बाही जरा लांब" म्हणतं तेव्हा मी विचारतेच, किती, कशासाठी आणि कुठल्या साडीवर. भाच्यानं माझाच खडू घेतला आणि कटिंगच्या टेबलावर हिशोब मांडायला घेतला.

वरून पडणारी वस्तू वाटेतली हवा बाजूला सारत खाली येते. हवा दिसत नाही म्हणून आपण तिला वजनात धरत नाही, पण समुद्रसपाटीला, 15 अंश तापमानात, एक घनमीटर हवा 1.225 किलो भरते. वेग दुप्पट झाला की एका सेकंदात दुप्पट हवा आडवी येते, आणि ती आदळतेही दुप्पट जोरानं. म्हणून अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर नऊपट. इकडं डब्याचं वजन तेवढंच राहतं. त्यामुळं पडता पडता एक वेग असा येतो की हवेचा वरचा रेटा आणि वजनाचा खालचा ओढा सारखे होतात. तिथून पुढं वेग वाढत नाही.

"मग डबा थांबत का नाही?" मी विचारलं. नंतर दुकानात आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईनं हाच प्रश्न केला, म्हणून त्याचं उत्तर मला आता पाठ आहे. थांबला तर हवा आदळायची बंद होईल, अडथळा शून्यावर येईल आणि वजन त्याला पुन्हा खाली ओढेल. अडथळा पडण्यातूनच तयार होतो. पॅराशूटचं काम पडणं बंद करण्याचं नाही, कमी वेगातच पुरेसा अडथळा मिळवण्याचं आहे. विमानातून उडी मारलेला माणूस हातपाय पसरून पोटावर आडवा राहिला तर ताशी 200 किलोमीटरच्या आसपास त्याचा वेग स्थिरावतो. पॅराशूट उघडल्यावर तोच माणूस सेकंदाला पाच-सहा मीटरनं, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटरनं उतरतो. वजन तेच, हवा तीच. फरक कापडाचा.

हे बोलणं चालू असताना फॉल-पिको करायला आलेल्या एक बाई तिथंच बसून होत्या. त्यांना आठवलं, पुण्याच्या एका बाईनं नऊवारी नेसून विमानातून उडी मारली होती. बरोबर, शीतल महाजन, 2018 साली, थायलंडमध्ये. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच प्रश्न आहे. ताशी 200 किलोमीटरच्या वाऱ्यात निऱ्या जागेवर ठेवायला काय काय केलं असेल? नऊ वार कापड अंगावर असतं आणि त्यातला प्रत्येक सुटा पदर हवेला हवाच असतो. त्या बाईंचं धाडस मोठंच, पण नेसवणारीलाही मी दाद दिली असती.

तर एक मीटर. पोरांना सेकंदाला 5 मीटर वेग चालणार होता. सव्वा मीटर उंचीवरून डबा हातातून सुटला तर जमिनीला याच वेगानं लागतो, आणि तेवढा मार यंत्रांना सोसत होता. हिशोबात वजन येतं, हवेची घनता येते, कापडाचं क्षेत्रफळ येतं आणि आकाराचा एक आकडा येतो. सपाट गोल छत्रीसाठी तो आकडा पाऊणच्या आसपास धरतात. आधी उत्तर 90 सेंटिमीटर व्यास असं आलं होतं. मग त्यांच्यातली औशाची पोरगी म्हणाली, ही पुस्तकातली हवा झाली, आपली कुठंय? लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर. त्यात एप्रिल-मेचं ऊन. तापलेली हवा फुगते, विरळ होते. 40 अंशाला आपल्याकडची हवा घनमीटरला 1.05 किलोच्या आसपास भरते. म्हणजे तोच वेग पाहिजे असेल तर कापड सहाव्या हिश्शानं जास्त लागणार. म्हणून 90चे जवळपास 100 झाले. त्या पोरीचं मला फार कौतुक वाटलं. माप घेताना अंगात काय घातलंय ते बघणारी शिंपीण होईल ती.

आता कापड. लोकांना वाटतं पॅराशूटचं कापड जाडजूड असेल. जाड कापडाचा इथं काही उपयोग नाही, उलट त्याचंच वजन वाढतं. बघायचं ते हे की हवा त्यातून किती गळते. त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. कापड ओठांना घट्ट लावायचं आणि फुंकर मारायची. मलमलीतून फुंकर सरळ पलीकडं जाते. पॉपलीन थोडी अडवतं. छत्रीचं कापड बरंच अडवतं. पोरांनी मागवलेलं रिपस्टॉप नायलॉन आलं तेव्हा गाल फुगले पण हवा जेमतेम गेली. या कापडात दर काही मिलिमीटरवर एक जाड धागा उभा आणि एक आडवा विणलेला असतो, बारीक चौकटी दिसतात. फाटलं तर फाट त्या जाड धाग्यापाशी अडावी, हा त्यातला डाव.

पूर्वी पॅराशूट रेशमाचे असत. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारं रेशीम बंद झालं आणि अमेरिकेनं नायलॉन वापरायला घेतलं. युद्धानंतर युरोपात कितीतरी नवऱ्यामुलींनी पॅराशूटच्या कापडाचे लग्नाचे झगे शिवून घेतले, कारण दुसरं कापडच मिळत नव्हतं. हे मला भाच्यानं मोबाईलवर दाखवलं. झग्यांची शिलाई सुरेख होती.

महागाचं नायलॉन कापण्याआधी मी घरातली एक मोडकी छत्री घेतली. काड्या काढून टाकल्या, कापड तेवढं ठेवलं. छत्रीलाही आठच कळ्या असतात, आणि त्यांच्या बाजू सरळ नसतात, जराशा बाहेर फुगलेल्या असतात. त्यामुळं जोडल्यावर सपाट तवा होत नाही, खोलगट होतो. प्रत्येक टोकाला दोरी बांधली, खाली वाळूची पिशवी अडकवली आणि गच्चीवरून सोडली. चांगली उतरली की! पोरांना नायलॉनचा आराखडा सपाटच हवा होता, कारण हिशोब सपाटचा होता. मी तेव्हा काही बोलले नाही, पण छत्रीची कळी लक्षात ठेवली.

नायलॉन शिवणं हा वैताग आहे. ते टेबलावरून घरंगळतं, खडू धरत नाही, आणि टाचणी लावली की भोक तसंच राहतं. म्हणून टाचण्या बंद, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. सुई नवीकोरी, 11 नंबरची. जुन्या सुईनं धागे ओढले जातात आणि तिथूनच पुढं फाटतं. मशीनचे दात कापड धरत नव्हते तेव्हा खाली जुन्या पेपरची पट्टी घालून शिवलं, नंतर कागद फाडून काढला. दोरा पॉलिस्टरचा, सुती नाही. कडा सुटू नयेत म्हणून उदबत्तीच्या टोकानं हलकं शेकून घेतल्या. हे काम लक्ष ठेवून करावं लागतं, जरा जास्त थांबलं की कापड आक्रसतं. जोडाला जीन्सच्या मांडीला असते तशी दुमडलेली चपटी शिलाई घातली, दोन टीपा. कळीचा मधला उभा धागा वरून खाली सरळ येईल अशा बेतानं कापली होती. कळ्या वाकड्या निघाल्या तर एक बाजू जास्त ताणते आणि अख्खी छत्री एका अंगाला कलते.

दोऱ्या लावताना पोरांचं आणि माझं वाजलं. त्यांना कडेला भोकं पाडून, रिंगा ठोकून दोऱ्या बांधायच्या होत्या. मी नाही म्हटलं. झोळीला लहान लेकरू निजवतो तेव्हा दोरी कापडाच्या एका भोकातून ओवतो का आपण? ओझं एका जागी आलं की तिथं फाटणार. मग शोधाशोध केल्यावर त्यांनाच कळलं की खऱ्या पॅराशूटमध्येही दोरी किंवा पट्टी जोडाच्या शिवणीवरून वर जाते. कापड फक्त हवा अडवतं, ओझं शिवणी वाहतात. आम्ही प्रत्येक जोडावर नायलॉनची अरुंद पट्टी टीप मारून वरपर्यंत नेली आणि तिच्याच खालच्या टोकाला दोरी शिवली. गाठ नाही मारली. गाठीपाशी दोरीची ताकद कमी होते, शिवणीत तेवढी होत नाही.

चाचणीला आमच्या माहेरच्या गावचा जलकुंभ मिळाला, वीस मीटरच्या आसपास उंच. सरपंचांना भाच्यानं कॉलेजचं पत्र दिलं. पहाटे गेलो, कारण त्या वेळी हवा पडलेली असते. दिवस वर आला की आपल्याकडं रानात वावटळी सुटतात आणि मग कशाचाच हिशोब लागत नाही. पंपावरचा माणूस खाली उभा राहून बघत होता. "बाई, काय करायलाव हे?" मी म्हटलं, "कापडानं हवा धरायलोय." तो म्हणाला, "मग धरा," आणि बिडी पेटवून बसला.

आधी एकदा पॅराशूटशिवाय वाळूची पिशवी सोडली. वीस मीटरवरून खाली यायला दोन सेकंद, आणि जमिनीला लागताना ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेग. पिशवी फुटली. त्या आवाजानंतर पंपावरच्या माणसालाही विषय कळला.

मग नायलॉनचं पॅराशूट. उघडलं झकास, वेगही ठीक होता, पण डबा असा झोके खायला लागला की बघवेना. एका अंगाला गेला, थांबला, दुसऱ्या अंगाला आला. शेवटच्या झोक्यात तर आडवा जाऊन जमिनीला घासला. उतरण्याचा वेग मोबाईलच्या स्लो मोशनवर मोजला तर हिशोबाच्या जवळच होता. तरी आतलं एक यंत्र निखळलं, कारण मार खालून बसला नाही, बाजूनं बसला.

का झुलतं ते व्हिडिओत हळूहळू कळलं. छत्रीच्या पोटात हवा दाटते. तिला जायला वाट नाही, म्हणून ती कडेखालून सांडते. सगळीकडून सारखी सांडली तर ठीक, पण तसं होत नाही. एका बाजूनं भसकन सांडली की छत्री कलते, मग दुसरीकडून सांडते. कापड जितकं कमी गळणारं तितकं हे जास्त. आणि आम्ही तर फुंकर मारून मारून न गळणारं कापड निवडलं होतं!

हा त्रास जुना आहे. पॅरिसमध्ये 22 ऑक्टोबर 1797 रोजी आंद्रे-जाक गार्नरँ नावाच्या माणसानं बलूनमधून जवळपास हजार मीटर उंचीवरून पॅराशूटनं उडी घेतली. तो टोपलीत बसला होता आणि वर रेशमाची छत्री. तिला मधे भोक नव्हतं. लोकांच्या डोळ्यांसमोर टोपली भयंकर झुलत खाली आली. माणूस वाचला. पुढं छत्रीच्या डोक्याला भोक ठेवायची रीत पडली आणि गोल पॅराशूटला ते आजही असतं.

मला ते भोक पाडायचं जिवावर आलं. सगळा घेर जुळवून, टोकं मधे एका ठिपक्यावर आणून शिवलेली छत्री. आठ कळ्यांची टोकं एका जागी नीट बसवणं काय असतं ते शिवणाऱ्यालाच कळतं, आणि नेमकं तेच कापून टाकायचं. पण माझ्या मनाला काय वाटतं यावर डबा उतरणार नव्हता. 10 सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडलं, कडेला पट्टीची गोट घातली, आणि जोडावरच्या पट्ट्या भोकावरून आरपार समोरच्या जोडाला नेल्या, म्हणजे भोक ताणून फाटणार नाही. एक मीटरच्या छत्रीत एवढं भोक म्हणजे क्षेत्रफळाचा फक्त शंभरावा हिस्सा. वेगात फरक पडतो तो न जाणवण्याइतका. पण मधून हवेचा एक सरळ झोत वर निघून जातो आणि कडेनं सांडायची घाई कमी होते.

त्याच वेळी छत्रीच्या कळीची गोष्ट काढली. व्हिडिओत मला तोंडाशी चुण्या दिसत होत्या. सपाट अष्टकोन हवेत फुगला की सपाट राहत नाही, त्याचं तोंड आवळतं आणि एक मीटरचा व्यास दोन तृतीयांशाच्या आसपास येतो. मग खालचं जास्तीचं कापड चुणीत जातं आणि फडफडतं. मी प्रत्येक जोडाला खालच्या बाजूनं चिमटा घेतला, ब्लाउजला टक्स घेतो तसा, वर निमुळता होत गेलेला. सपाट तव्याचा उथळ शंकू झाला. पोरांनी पुस्तक उघडलं तर शंकूच्या छत्रीचा आकडा सपाटापेक्षा थोडा जास्तच दिलेला होता. म्हणजे मी कापड कमी केलं तरी अडथळा फारसा गेला नाही. भाचा म्हणाला, "मावशी, तुला हे कुणी सांगितलं?" सांगायला कशाला पाहिजे, चुणी दिसली की ती कुठून काढायची ते हाताला कळतं.

दोऱ्या आधी साठ सेंटिमीटरच्या होत्या. आखूड दोऱ्या तोंड आत ओढतात. त्या व्यासाच्या सव्वापट केल्या, आणि सगळ्या जिथं एकत्र येतात तिथं मासेमारीच्या दुकानात मिळते ती फिरकी बसवली, म्हणजे डबा गिरक्या घेतो तरी दोऱ्यांना पीळ पडत नाही.

पुढच्या खेपेला मी स्वतः जलकुंभ चढले. गुडघ्यांनी नंतर त्याचा वचपा काढला, पण वरून बघायला मिळालं. छत्री खाली उघडली, मधे गोल भोक, त्यातून चहूकडं सुटलेल्या शिवणी. वरून बघितलेली गंजगोलाईच, फक्त सोळा रस्त्यांच्या जागी आठ. झोका एकदा आला, पण लहान, आणि तो पुढं वाढला नाही. वेग साडेचार ते पाचच्या मधे. पहाटेची हवा गार म्हणून जरा दाट, त्यामुळं दुपारपेक्षा हळू, असं औशाच्या पोरीनं लगेच सांगितलं.

तेव्हा पोरांना चेव आला आणि ऊन चढेपर्यंत तेच चाललं. दहाच्या सुमारास सोडलेलं पॅराशूट खाली यायच्या ऐवजी हवेत थबकलं. तापलेल्या नांगरटीवरून हवा वर उठत होती, तिचा वर जायचा वेग छत्रीच्या उतरण्याच्या वेगाला खात होता. नंतर बांधावरून वाऱ्यानं ढकललं आणि छत्री बाभळीवर जाऊन बसली. काटे कापडात आरपार. काढताना एक कळी टर्र झाली, पण फाट बोटभर जाऊन जाड धाग्याशी अडली. कापडाचं नाव खोटं नव्हतं. ठिगळ लावून तीच कळी आजही आहे.

बाभळीखाली जमलेल्या म्हाताऱ्यांनी मात्र आम्हाला अजिबात नवलानं बघितलं नाही. त्यातले एक म्हणाले, यापेक्षा मोठं आमच्या शिवारात उतरलेलं आहे, नारिंगी रंगाचं, खाली पेटी लटकलेली. हे खरं असू शकतं. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधनाचे मोठे फुगे सुटतात, ते वाऱ्याबरोबर आपल्या बाजूला येतात, आणि काम झालं की यंत्रांची पेटी पॅराशूटनं खाली सोडतात. पेटी सापडली तर हात लावू नका, कळवा, अशा सूचना पेपरात येतात. म्हाताऱ्यांनी सूचना कितपत पाळली ते मी विचारलं नाही. पण त्या छत्रीचं कापड नंतर कुणाच्या तरी कडबागाडीवर दिसल्याचं त्यांच्याच बोलण्यात आलं.

त्या फुग्यांच्या गोष्टीनं पोरांना भलताच हिशोब सुचला. हे फुगे 30 किलोमीटर आणि त्याहून वर जातात. 30 किलोमीटरवर हवा खालच्या हवेच्या जेमतेम दीड टक्का. तिथं तीच छत्री, तेच वजन, पण वेग खालच्यापेक्षा आठपट. मग जसजशी पेटी खाली येते तसतशी हवा दाट होत जाते आणि वेग आपोआप उतरत जातो. म्हणजे शेवटचा वेग ठरवायचा तर जमिनीजवळची हवा बघायची. मंगळावरही हाच घोळ. तिथली हवा पृथ्वीच्या हवेच्या एक-दोन टक्के, म्हणून 2021 साली पर्सिव्हरन्स गाडी उतरवताना साडेएकवीस मीटरचं पॅराशूट लावूनही काम भागलं नाही, शेवटी रॉकेटचा जोर लावावा लागला. चंद्रावर तर हवाच नाही. तिथं माझ्या आठ कळ्या म्हणजे नुसती बोचकं बांधायची चिंधी.

कॉलेजचे सर चाचणी बघायला आले तेव्हा त्यांनी सहज विचारलं, हेच निम्म्या वेगानं उतरवता येईल का? पोरं हो म्हणायच्या बेतात होती. मी टेबलावर खडूनं मांडलेलं विसरले नव्हते. वेग निम्मा केला की अडथळा चौथाई होतो. तो भरून काढायला कापड चौपट लागणार, दुप्पट नाही. दुप्पट कापड लावलं तर पाचाचे साडेतीन होतात, बस. निम्म्या वेगाला दोन मीटर व्यास. म्हणजे कापड चौपट, शिवण दुप्पट, दोऱ्या दुप्पट लांब, आणि हे सगळं डब्यात बसवायला जागा कुठंय? शिवाय हळू उतरणारी छत्री वाऱ्याच्या तावडीत जास्त वेळ राहते. शंभर मीटरवरून पाचच्या वेगानं वीस सेकंद लागतात, अडीचच्या वेगानं चाळीस. वारा सेकंदाला तीन मीटरचा असला तर एक छत्री साठ मीटर लांब पडते, दुसरी एकशेवीस. बाभळी सगळीकडं आहेत. सरांनी विषय सोडला.

मोठ्या माणसांनाही हाच हिशोब चुकत नाही, फक्त ते तो टप्प्याटप्प्यानं सोडवतात. भाच्यानं गगनयानाच्या पॅराशूटची 24 ऑगस्ट 2025ची चाचणी दाखवली. हेलिकॉप्टरमधून कुपी सोडली, आधी लहान पॅराशूट उघडले, त्यांनी वेग उतरवला, मग तीन मोठे. तिघांपैकी दोन उघडले तरी माणसं सुखरूप उतरतील अशी योजना आहे. हे पॅराशूट आग्र्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत घडवतात. मोठे एकदम उघडत नाहीत, आधी अर्धवट तोंड उघडून थांबतात. मी विचारलं, कसं थांबवतात? कडेच्या कड्यांतून दोरी ओवलेली असते, ती तोंड आवळून धरते, ठरलेल्या वेळी कापली जाते आणि तोंड पूर्ण उघडतं. नाहीतर जास्त वेगात अख्खं कापड एकदम भरलं तर असा हिसका बसेल की शिवणी उसवतील. "म्हणजे नाडी," मी म्हटलं. भाच्यानं ते त्यांच्या ग्रुपवर टाकलं, आणि तेव्हापासून ती पोरं रीफिंग लाइनला नाडीच म्हणतात.

आमच्या डब्याला नाडी लागली नाही. घडीवर मात्र बराच वेळ गेला. आठ कळ्या चार इकडं, चार तिकडं एकावर एक घ्यायच्या, जोड जोडावर आला पाहिजे, मग आडव्या वळकट्या न करता नागमोडी घडी घालायची. दोऱ्या छत्रीभोवती गुंडाळायच्या नाहीत. गुंडाळल्या तर बाहेर पडताना त्या कापडाला अडकतात आणि तोंडच उघडत नाही. त्या वेगळ्या, आठच्या आकड्यासारख्या बोटांवर घेऊन वर ठेवायच्या. नायलॉन दाबून ठेवलं की उन्हाळ्यात एकमेकांना चिकटतं, म्हणून घडी घालताना टाल्कम पावडरचा हलका हात. पोरांची घडी माझ्यापेक्षा नीट व्हायला लागली तेव्हा मी त्या कामातून अंग काढून घेतलं.

राहिला प्रश्न पैशाचा. कापड त्यांचं, शिलाई माझी. कॉलेजला बिल पाहिजे, बिलात वस्तूचं नाव पाहिजे. माझ्या पावतीपुस्तकावर छापील रकाने आहेत: ब्लाउज, ड्रेस, परकर, फॉल-पिको, इतर. मी "इतर"पुढं "पॅराशूट, 1 नग, अस्तर नाही" असं लिहून दिलं. हिशोबनिसानं ते परत पाठवलं, अस्तर नाही म्हणजे काय ते स्पष्ट करा म्हणून. दुसरी पावती भाच्यानं संगणकावर करून आणली, मी सही केली.